लाँगबोसाठी फळी कशी निवडावी: सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या कपाटावर सव्वादोन फुटांचा एक सागवानी तुकडा ठेवलेला आहे. एक टोक नीट तासलेलं, दुसरं तिरकं फाटलेलं, भाल्याच्या पात्यासारखं. हे माझं पहिलं धनुष्य, माणसाच्या उंचीचा लाँगबो. तीन आठवडे रोज संध्याकाळी रंधा आणि कानस चालवली, आणि जेमतेम वीस इंच ओढल्यावर मुठीच्या वर वीतभर अंतरावर ते मोडलं. मोडलेली जागा उजेडात धरली तेव्हा कळलं की फाटलेली तिरकी धार म्हणजे लाकडाचीच एक रेष होती. ती तिथे फळीच्या कडेला बाहेर पडत होती आणि फळी विकत घेतली त्या दिवशीही डोळ्यांसमोर होती.

खरं तर मला हे लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. आमच्या घरी यंत्रमाग होते. धोट्याला मार देणारी लाकडी पिकिंग स्टिक दिवसाला हजारो झटके खाते. माग दुरुस्त करणारे आमचे जॉबर मामा नवी काठी घेताना तिच्या लाकडाचं नाव कधी विचारायचे नाहीत. काठी डोळ्यासमोर आडवी धरायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवायची, आणि रेष मध्येच कडेला गेलेली दिसली की काठी बाजूला. धनुष्याच्या फळीला हाच नियम लागतो. आधी रेष, मग जात, मग किंमत. पुढचं सगळं या क्रमाने वाचा.

१. वखारीत जाण्याआधी माप ठरवा

धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते ती पाठ, आणि जी आपल्याकडे असते ते पोट. ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. इंग्लंडचे जुने लाँगबो अरुंद आणि जाड असत, कारण ते यू नावाच्या झाडाचे असत. त्या झाडाचं बाहेरचं फिकं लाकूड ताण चांगला सोसतं आणि आतलं गाभ्याचं लाकूड दाब. 1545 मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढलं, त्यातून अशी शंभरावर धनुष्यं मिळाली. आपल्याला यू मिळणार नाही. फळीतून करायचं तर धनुष्य लांब ठेवायचं, पण आडवा छेद रुंद आणि चपटा ठेवायचा, म्हणजे ताण जास्त रुंदीवर वाटला जातो.

28 इंच ओढ असणाऱ्या, म्हणजे दोरी तितकी मागे ओढणाऱ्या माणसाला 68 ते 72 इंच लांबीचं धनुष्य पुरतं. पहिलंच असेल तर 72 धरा, लांब धनुष्य चुका पोटात घेतं. मुठीजवळ दोन इंच रुंदी लागते आणि जाडी रंधून सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वखारीत आणि मिस्त्रींकडे याच भाषेत बोला, मिलिमीटर सांगू नका. मुठीवर चिकटवायला आठ-नऊ इंचांचा वेगळा तुकडा लागतो आणि टोकांच्या चिरा कापून टाकाव्या लागतात, म्हणून फळी साडेसात ते आठ फूट मिळाली तर उत्तम. सात फुटांखाली जाऊ नका.

हिशोब घनफुटाचा असतो. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. आठ फूट लांब, तीन इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे 24 भागिले 144, साधारण 0.17 घनफूट. दर ऐकून घाबरू नका, तो पूर्ण घनफुटाचा असतो. मात्र माप आऱ्यावरचं धरणार की रंधल्यानंतरचं, हे आधीच विचारून घ्या.

२. कुठे शोधायचं

सोलापुरातल्या वखारींत आणि आरा गिरण्यांत बांधकामाचं आणि फर्निचरचं लाकूड असतं: सागवान, साल, मरांटी, पाईन, बाभूळ, कधी कडुनिंब, कधी निलगिरी. "मालक, हिकरी आहे का?" असं विचारलं की "ती काय असती?" असंच उत्तर येतं. त्यात त्यांची चूक नाही, त्या लाकडाला इथे गिऱ्हाईकच नाही.

अ‍ॅश, ओक, मेपल ही परदेशी लाकडं जिन्याचे कठडे आणि महागडं फर्निचर करणारे कारागीर मागवतात. त्यांच्याकडे कामातून उरलेल्या लांब पट्ट्या असतात. दोन-तीन कारखान्यांत आपलं माप कागदावर लिहून देऊन ठेवा. स्वतः जायचं असेल तर पुण्यात भवानी पेठेचं टिंबर मार्केट आणि मुंबईत रे रोड. आयात लाकडाची मोठी पेठ कच्छमध्ये गांधीधामला आहे, पण एका फळीसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. फोनवरून फळी मागवू नका. माणूस कितीही भला असला तरी फळी तुमच्या डोळ्यांनी निवडलेली नसते. मागवावीच लागली तर रुंद बाजू, कड आणि दोन्ही टोकं यांचे वेगवेगळे फोटो आधी मागा.

तिसरं ठिकाण लोक विसरतात. तालुक्याच्या गावांत अजून कुळव, तिफण, बैलगाडीची दुरुस्ती करणारे सुतार आहेत. त्यांच्याकडे सरळ, गाठी नसलेली, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेली बाभूळ असते, कारण कुळवाच्या दांड्यालाही तेच लागतं. मला सगळ्यात चांगला बाभळीचा तुकडा अशाच एका मिस्त्रींकडे मिळाला, गोठ्याच्या आढ्याला टांगलेला.

यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं लाकूडही एमआयडीसीच्या भंगारात मिळतं. त्यातल्या तळाच्या जाड पट्ट्या कधी बीचच्या किंवा ओकच्या असतात. त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं, ते घेऊ नका.

३. कोणतं लाकूड

अ‍ॅश मिळालं तर विचार न करता घ्या, अर्थात रेषा सरळ असतील तर. झटका सोसण्यात ते नावाजलेलं आहे, हत्यारांचे दांडे आणि बेसबॉलच्या बॅटी त्याच्या होतात. हिकरी त्याहून चिवट, पण इथे दुर्मिळ. हार्ड मेपल चांगलं, पण त्याच्या रेषा पुसट असतात, त्यामुळे नवख्याची फसगत होते. रेड ओक परदेशात नवशिक्यांचं आवडतं लाकूड आहे. त्याची छिद्रं इतकी मोकळी असतात की छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकातून फुंकलं तर बुडबुडे येतात. व्हाइट ओकमध्ये येत नाहीत. अ‍ॅश आणि ओक यांत गोंधळ झाला तर रुंद बाजूवर चकचकीत ठिपके-पट्टे शोधा. ओकमध्ये ते ठळक दिसतात, अ‍ॅशमध्ये जवळजवळ नाहीत.

अ‍ॅश आणि ओकच्या टोकाच्या कापावर वर्षवलयं मोजण्यासारखी दिसतात. प्रत्येक वलयात छिद्रांचा सच्छिद्र पट्टा आणि घट्ट लाकडाचा पट्टा असतो. घट्ट पट्टा जितका रुंद तितकी फळी मजबूत. बारीक-बारीक, दाट वलयं दिसली तर त्यात छिद्रंच जास्त असतात. हातात घेतल्यावर ती फळी हलकी लागते. एकाच जातीच्या दोन फळ्यांत जड ती घ्या.

आपल्याकडच्या लाकडांत धामण हे धनुष्याचं जुनं लाकूड आहे, लवचीकपणासाठी प्रसिद्ध. धावडाही तितकाच चिवट, त्याच्या गाड्यांच्या आसा होत. पण ही जंगलची झाडं, वखारीत फळी म्हणून सहसा येत नाहीत. कोणाकडे जुन्या वाड्याची किंवा गाडीची मिळाली तर मात्र सोडू नका.

सोलापूरकराने पहिला प्रयत्न बाभळीवर करावा, असं माझं मत आहे. झाड आपल्या मातीतलं, लाकूड जड आणि चिवट. अडचण एकच, बाभूळ वाकडी वाढते. सात फूट सरळ तुकडा मिळायला महिने लागतात, पण थांबण्यासारखं आहे. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, दारा-खिडक्यांना त्याला तोड नाही, पण झटका सोसण्यात तो अ‍ॅशच्या मागे आहे. करायचंच असेल तर रुंदी अडीच इंच ठेवा, पाठीला कापड चिकटवा, आणि चिकटवण्याआधी पृष्ठभाग थिनरने पुसा, कारण त्यातलं तेल गोंद धरू देत नाही.

साल, कडुनिंब आणि निलगिरी टाळा. यांच्या रेषा एका थरात उजवीकडे आणि पुढच्या थरात डावीकडे झुकतात. रंधा मारून बघा: हातभर मऊ चालतो आणि मग अचानक तुकडे उपटायला लागतो. पाईन आणि मरांटीचा विचारच नको.

४. रेषा वाचणे

यावर घाई करू नका. मी एका फळीवर वीस मिनिटं घालवतो.

आधी टोक. ओल्या फडक्याने पुसा, दिसत नसेल तर पटाशीने पातळ कातरण काढा आणि टॉर्च धरा. वलयांच्या रेघा फळीच्या रुंद बाजूशी कशा आहेत ते बघा. उभ्या असतील तर उत्तम, तिरक्या चालतील. आडव्या असतील, म्हणजे रुंद बाजूला समांतर, तर रुंद बाजूवर देवळाच्या कमानींसारखे एकात एक आकार दिसतात. फर्निचरवाल्याला हीच नक्षी आवडते. पण कमानीचं प्रत्येक टोक म्हणजे एक वलय तिथे पृष्ठभागावर येऊन संपलंय, तिथले तंतू कापले गेलेत. धनुष्याची पाठ उचकटायला सुरुवात होते ती अशा टोकापासून. पहिल्या धनुष्याला कमानी नकोत.

मग रुंद बाजू. मुठीची जागा येईल तिथे मधोमध एक रेष निवडा, पेन्सिलीचं टोक तिच्यावर ठेवा आणि रेषेवरून नजर न काढता हळूहळू फळीच्या टोकापर्यंत जा. आपण सरळ जातोय असं वाटतं आणि एक हात पुढे गेल्यावर पेन्सिल कडेपाशी पोचलेली असते. ती रेष टोकापर्यंत फळीच्या आत राहिली पाहिजे, दोन्ही दिशांना. शंका असेल तर दोरा ताणून रेषेवर धरा, मनाला वाटणारा सरळपणा आणि दोऱ्याचा सरळपणा यातला फरक लगेच कळतो.

फळी चार-पाच इंच रुंद असेल आणि सगळ्या रेषा एकाच बाजूला थोड्या झुकल्या असतील, तर ती टाकून देऊ नका. धनुष्याचा आराखडा फळीच्या कडेला समांतर न आखता रेषेला समांतर आखायचा. वखारीतल्या लोकांनी नाकारलेल्या दोन फळ्या मी अशा वापरल्या आहेत.

शेवटी कड, ती जाडीची अरुंद बाजू. लोक इथेच चुकतात, कारण तिकडे कुणी बघतच नाही. माझ्या सागवानात रुंद बाजू ठीक होती, घात कडेवर होता. कडेवरच्या रेषा पाठीकडून पोटाकडे उतरत असतील तर तो दोष आराखडा फिरवून जात नाही. फळी परत ठेवा. फक्त मुठीच्या आठ इंचांत असेल तर चालेल, तो भाग जाड राहतो आणि वाकत नाही.

मेपलसारख्या पुसट लाकडावर शाईची युक्ती कामाला येते. एका जागी रंध्याने किंवा कोऱ्या पॉलिश पेपरने स्वच्छ करा आणि फाउंटन पेनची शाई एक थेंब सोडा. शाई तंतूंच्या दिशेने पसरते, ती दिशा बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे फळीच्या टोकाचा कापलेला तुकडा मागून घ्या, त्यावर पटाशी ठेवून ठोका. तो जसा फाटेल ती लाकडाची खरी रेष, डोळ्यांना काहीही दिसत असो.

५. फसण्याच्या जागा

फिंगर जॉइंट. रबरवुडचे आणि पाईनचे छोटे तुकडे दातेरी सांध्यांनी जोडून लांब फळी करतात आणि ती 'सॉलिड वूड' म्हणूनच विकली जाते. ते खोटं नाही, पण आपल्याला निरुपयोगी आहे. कडेवर नागमोडी दात्यांची रेघ शोधा.

पॉलिश केलेली किंवा रंगवलेली फळी घेऊ नका. टोकांना रंग लावलेला असेल तर वाळताना चिरू नये म्हणून तो लावतात, ही चांगली सवय आहे. पण त्याखाली चीर आहे का ते बघायला टोकाचा दोन इंच तुकडा कापून मागा. केसाएवढी चीरही पुढे वाढते.

गाठ मुगाएवढी असली तरी तिच्याभोवती रेषा वळसा घेतात. वाकणाऱ्या भागात नको. टाचणीएवढी भोकं आणि खाली बारीक पीठ दिसलं तर भुंगा लागलाय, ती फळी घरात आणू नका, बाकीच्या लाकडालाही लागतो.

फळी डोळ्याच्या रेषेत धरून एका टोकाकडून बघा. लांबीत थोडा बाक असेल तर हरकत नाही, तो पाठीकडे घेतला तर फायदाच होतो. पीळ असेल तर नाही.

आणि वखारीत वागण्याचं. थप्पी उपसायची परवानगी घ्या, कशासाठी हवंय ते सांगा, आणि झाल्यावर थप्पी पूर्वीसारखी रचून द्या. सकाळी ट्रक उतरत असताना जाऊ नका, दुपारी तीननंतर जा. मी एकदा थप्पी लावून दिली, तेव्हापासून तिथले मालक सरळ फळी आली की माझ्यासाठी बाजूला ठेवतात.

सोबत नेण्याचं सामान:
- टेप, पेन्सिल, खडू, दोन मीटर दोरा
- छोटा रंधा किंवा 80 नंबरचा पॉलिश पेपर
- धार लावलेली पटाशी, टॉर्च, भिंग
- शाईचं पेन, ओलं फडकं
- मिळाला तर ओलावा मोजायचा मीटर

६. ओलावा आणि आपलं हवामान

धनुष्यासाठी लाकडात ओलावा 8 ते 10 टक्के असावा. ओलं लाकूड वाकून तसंच राहतं, अति कोरडं मोडतं. "सीझन केलंय" हे शब्द प्रत्येक वखारीत ऐकायला मिळतात, त्यावर जाऊ नका. मीटर नसेल तर फळी घरी आणून वजन करा आणि दर आठवड्याला लिहून ठेवा. तीन आठवडे वजन स्थिर राहिलं म्हणजे ती तुमच्या घरच्या हवेला आली.

ओल्या लाकडाच्या सगळ्या सूचना आपण वाचतो, पण सोलापुरात धोका उलटा आहे. एप्रिल-मेमध्ये 40-42 अंशांत, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली फळी इतकी कोरडी होते की ताण देताच कडकन जाते. मधल्या खोलीत, जमिनीपासून वर, खाली तीन-चार पट्ट्या देऊन आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवलीत तर बाक येतो. दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या. ताण देऊन आकार जुळवण्याचं नाजूक काम मी मेमध्ये करत नाही, पहिल्या पावसानंतर करतो.

शेतातली ओली बाभूळ कापून आणलीत तर एक इंच जाडीला वर्षभर वाळवणं धरा.

७. कागदपत्रं

वखारीतून घेतलेल्या फळीचं पक्कं बिल घ्या, त्यावर लाकडाची जात आणि माप लिहून मागा. पुण्याहून ट्रान्सपोर्टने आणताना ते सोबत ठेवा. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात एकटी फळी मोडते, तीन-चार एकत्र बांधा किंवा जाड बांबूला बांधून पाठवा.

झाड तोडून लाकूड करायचं असेल तर:
- स्वतःच्या शेतात असेल तर सातबारा आणि झाडाची नोंद. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा 1964 च्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ अशी झाडं आहेत, त्यांना वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.
- महापालिका हद्दीत कुठलंही झाड असो, 1975 च्या नागरी वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अंगणातलं झाडही त्यात आलं.
- गाडीतून न्यायचं तर वाहतूक परवाना लागतो का, हे वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारा.

वनजमिनीतून वाळलेली फांदीही उचलू नका. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात बाभळी खूप दिसतात, त्या आपल्या नाहीत. बांबूच्या बाबतीत सोपं आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर वाढवलेला बांबू कायद्याच्या दृष्टीने झाड राहिला नाही.

८. फळी घरी आल्यावर

आराखडा आखण्याआधी कडेची एक पट्टी कापून घ्या, तीन सूत जाड, दीड फूट लांब. गुडघ्यावर धरून मोडेपर्यंत वाकवा, डोळ्यांना चष्मा लावून. लांब कुसळं सुटत, कुरकुरत मोडली तर लाकूड चिवट आहे. मुळ्यासारखी खटकन, सपाट मोडली तर रेषा कितीही सरळ असल्या तरी त्या फळीचं धनुष्य करू नका, तिचं शेल्फ करा. ही परीक्षा मी नंतर शिकलो. आता एकही फळी हिच्याशिवाय पुढे नेत नाही.

पट्टी पास झाली तर फळीच्या चारही बाजू पुन्हा बघा. जिच्यावर रेषा सगळ्यात अखंड आहेत ती रुंद बाजू पाठ. तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरात 'पाठ' लिहा. त्या बाजूला शेवटपर्यंत हलका पॉलिश पेपर सोडून दुसरं कुठलंही हत्यार लावायचं नाही, जाडी सगळी पोटाकडून काढायची. रेषेबद्दल थोडी जरी शंका उरली असेल तर सुती कापडाची पट्टी पाठीवर फेविकॉलने चिकटवा. आपल्याकडे हातमागाचं घट्ट विणीचं सुती कापड स्वस्त मिळतं. ते धुऊन, खळ काढून, वाळवून मगच वापरा, खळ असलेल्या कापडात गोंद मुरत नाही.

मग मुठीची जागा मधोमध आखा, तिथून दोन्हीकडे एकेक रेष पेन्सिलीने टोकापर्यंत गिरवा. करवत त्या रेषेच्या बाहेरून चालवा.